ज्यू सेवासंस्थांत करिअर: डोंगरकड्याहून निघण्याआधी खर्चाचा हिशेब

ज्यू धर्मादाय संस्थेत नोकरी मिळवायला एक रुपयाही लागत नाही. पैसे लागतात ते पदवीला, कागदपत्रांना, प्रवासाला आणि मुंबईत पहिला पगार हातात पडेपर्यंतच्या काळाला. त्यामुळे कोणी ‘न्यूयॉर्कच्या संस्थेत लावून देतो, फक्त डिपॉझिट भरा’ म्हणाला, तर बोलणे तिथेच थांबवा. डोंगरकडा, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर या पट्ट्यातल्या, पदवी झालेल्या आणि सेवाक्षेत्रात पगारी काम मनापासून करू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी हा हिशेब आहे.

आधी जागा किती, ते स्पष्ट सांगतो. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ज्यू धर्मीय जेमतेम अडीच हजार. त्यातले बहुतेक मुंबई, ठाणे, रायगड आणि पुण्यात. हिंगोलीत किंवा नांदेडमध्ये अशी संस्था शोधण्यात वेळ घालवू नका. मुंबईतही पदे मोजकीच असतात आणि वर्षानुवर्षे तीच माणसे त्यावर काम करतात. म्हणून फक्त याच दारावर भिस्त ठेवू नका. मात्र या कामासाठी जी तयारी लागते, तीच कोणत्याही चांगल्या स्वयंसेवी संस्थेत चालते. तयारीवर केलेला खर्च वाया जात नाही, दलालाला दिलेला सगळा जातो.

कोणत्या संस्था, कोणते काम

‘जॉइंट’ किंवा ‘जेडीसी’ या नावाने ओळखली जाणारी अमेरिकन ज्यू जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी ही संस्था १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. भारतात ती १९६०च्या दशकापासून आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आधार, गरजू कुटुंबांना मदत, मुंबईत समुदाय केंद्र, असे तिचे काम. अशा कामाला समाजकार्याची पदवी असलेला कार्यकर्ता, घरभेटी करणारा माणूस, हिशेबनीस, कार्यक्रम समन्वयक लागतात.

‘ऑर्ट’ ही मुळात १८८० साली रशियात सुरू झालेली व्यवसाय शिक्षणाची जागतिक संस्था. तिची भारतीय शाखा मुंबईत वरळीला. इथे पात्रता वेगळी असते: शिकवता येणे, संगणक, बालशिक्षण.

शाळांचे दार त्याहून मोठे आहे. माझगावची सर एली कदूरी शाळा १८७५ साली बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यूंची, ‘इस्रायली शाळा’ म्हणून हाईम सॅम्युअल केहिमकरांनी सुरू केली. भायखळ्याला सर जेकब ससून शाळा आहे. दोन्हीकडे आज बहुसंख्य मुले ज्यू नाहीत. इथे शिक्षक व्हायचे तर समाजकार्याची पदवी उपयोगाची नाही, डी.एड. किंवा बी.एड. आणि पदानुसार शिक्षक पात्रता परीक्षा लागते. शाळेच्या नावाने कोणी ‘डोनेशन’ मागितले तर ते कोणत्या पावतीवर, कोणाच्या सहीने, हे लेखी विचारा. उत्तर मिळणार नाही.

‘गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई’ ही २०१२ साली सुरू झालेली ज्यू पुढाकाराची संस्था कळव्याच्या वस्तीत मुलांचे पोषण, शिक्षण आणि आरोग्य यावर काम करते. लाभ घेणारी मुले तिथली, सगळ्या जातीधर्मांची. गावाकडून आलेल्या कार्यकर्त्याला सर्वात ओळखीचे वाटेल असे काम हेच.

‘अमेरिकन ज्युइश वर्ल्ड सर्व्हिस’ हे नाव तुम्हाला जाहिरातींत दिसेल. ही १९८५ची अमेरिकी संस्था निधी देणारी आहे. तिच्यासारख्या दात्यांच्या पैशातून चालणारे काम भारतीय संस्था करतात, आणि नेमणूकही त्याच भारतीय संस्था करतात. अर्ज तिथे करायचा.

ज्यू नसाल तर चालते का? हिशेब, समाजकार्य, शिक्षण, शुश्रूषा, कार्यालय या पदांना पात्रता पाहिली जाते. धार्मिक पदे आणि ज्यू तरुणांसाठीचे सेवावर्ष यांना मात्र ज्यू असणेच लागते. जेडीसीची ‘ज्युइश सर्व्हिस कोर’ ही फेलोशिप या दुसऱ्या प्रकारातली. तिथे अर्ज करून वेळ घालवू नका. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचा आधार घेऊन कोणी ‘ज्यू असल्याचा दाखला काढून देतो’ किंवा ‘धर्म बदलला की नोकरी पक्की’ म्हणाला, तर तो फसवणारा आहे. कोणतीही प्रामाणिक संस्था असे मागत नाही.

तुमच्याकडे एक गोष्ट मात्र आधीपासून आहे, आणि तिला खर्च नाही. बेने इस्रायली लोक कोकणात पिढ्यानपिढ्या राहिले. त्यांची घरची भाषा मराठी. अलिबाग, पेण, रेवदंडा, ठाणे इथल्या ज्येष्ठांशी त्यांच्या भाषेत बोलणारा, त्यांची औषधांची चिठ्ठी समजावून सांगणारा, बँकेत सोबत जाणारा कार्यकर्ता संस्थेला हवा असतो. अर्जात ‘मराठी: उत्तम बोलणे, वाचणे, लिहिणे’ हे ठळक लिहा. इंग्रजी कच्चे असेल तर ते लपवू नका. अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात, ते पहिल्याच आठवड्यात उघडे पडते.

इस्रायलची नोकरी वेगळी

गावात फिरणारे मेसेज बहुतेक याबद्दलचे असतात: इस्रायलमध्ये बांधकाम किंवा वृद्धांची काळजी घेण्याचे काम, लाखाच्या वर पगार. हे सेवासंस्थेतले करिअर नव्हे, ते मजूर स्थलांतर आहे. काम खरे असू शकते, पण रस्ता ठरलेला आहे: दोन सरकारांमधला करार, किंवा परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला भरती एजंट. एजंटचे नाव ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन आणि बँकेमार्फत. दोन लाख, तीन लाख रोख मागणारा माणूस कायद्याबाहेर आहे. पर्यटक व्हिसावर जाऊन ‘तिथे बदलून घेऊ’ हा सल्ला ऐकू नका.

पदवी: कुठे, किती

या क्षेत्रात खरी किंमत एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला. दोन वर्षे. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो.

डोंगरकड्याच्या मुलांनी पहिल्यांदा तुळजापूर पाहावे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे, म्हणजे ‘टिस’चे, ग्रामीण आवार तिथे आहे. नांदेडहून लातूरमार्गे एसटीने जाता येते. ग्रामीण विकासाशी जोडलेले समाजकार्य शिकायचे, मराठवाड्यातच राहायचे, आणि ज्या नावाची मुंबईत दखल घेतली जाते ते नाव पदवीवर हवे, तर याच्याइतकी जवळची जागा नाही. प्रवेश ‘सीयूईटी-पीजी’ या राष्ट्रीय परीक्षेतून. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत, परीक्षा मार्चच्या सुमारास. २०२५च्या परीक्षेला दोन विषयांपर्यंतचे शुल्क असे होते: खुला वर्ग १,४००, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस १,२००, अनुसूचित जाती-जमाती १,१००, दिव्यांग १,००० रुपये. अर्ज मोबाइलवरही भरता येतो. नेट कॅफेवाला ‘फॉर्म भरायचे’ तीनशे-चारशे घेतो, ते सरकारी शुल्क नाही. आणि तो स्वतःचा ईमेल टाकतो, तो टाकू देऊ नका. पुढची सगळी पत्रे त्याच पत्त्यावर येतात. परीक्षा दीड तासाची, ७५ प्रश्न, चुकीला गुण कापतात. केंद्र निवडताना नांदेड यादीत असेल तर पहिली पसंती तेच द्या; रात्रीचा मुक्काम वाचतो.

मुंबईत निर्मला निकेतन (१९५५पासून) आणि पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था (१९६३पासून) ही जुनी नावे. कोल्हापूर, सोलापूर, नांदेड-लातूर भागातही समाजकार्य शिकता येते. राज्यातल्या अनेक समाजकार्य महाविद्यालयांना सामाजिक न्याय विभागाचे अनुदान आहे. अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी एकाच इमारतीत असू शकते, आणि दोघांच्या फीमध्ये मोठा फरक पडतो. प्रवेशाच्या दिवशी हा एकच प्रश्न न विसरता विचारा: ‘माझी जागा अनुदानित तुकडीतली का?’

फी विचारताना तीन आकडे वेगवेगळे मागा: शिक्षण शुल्क, वसतिगृह आणि मेस, अनामत. मग जे कोणी सांगत नाही ते जोडा. एमएसडब्ल्यूमध्ये आठवड्यातले काही दिवस क्षेत्रकार्य असते; त्याचा प्रवास बहुतेक ठिकाणी तुमच्या खिशातून. ग्रामीण शिबिर, अभ्यास सहल, शेवटची सलग काही आठवड्यांची नेमणूक, प्रबंधाचे टायपिंग आणि बाइंडिंग हे सगळे वेगळे. लॅपटॉप लागतोच, नवा घेण्याआधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संगणक किती वाजेपर्यंत मिळतो ते पाहा. वसतिगृहाची अनामत परत मिळण्यासाठी मूळ पावती लागते, ती दोन वर्षे सांभाळा.

घर सोडणे शक्य नसेल तर इग्नूची एमएसडब्ल्यू आहे, दूरशिक्षणाने, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून. पदवी मान्य आहे. पण क्षेत्रकार्य तिथेही करावेच लागते, आणि ते खोटे करून देणारे लोक भेटतात. तसे करू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न क्षेत्रकार्यावरच असतो.

‘सहा महिन्यांत एनजीओ मॅनेजमेंट डिप्लोमा, शंभर टक्के जॉब’ या जाहिरातींना पैसे देऊ नका. पदवी देणारे विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, एवढे पाहिले तरी निम्म्या जाहिराती गळून पडतात.

कागदपत्रे: कळमनुरीला काय, हिंगोलीला काय

शहर म्हणून नांदेड जवळचे, पण तुमचे कागद निघतात कळमनुरी तहसीलमधून. आधार, दहावी-बारावीची सनद, पदवीचे सगळे मार्कमेमो, टीसी, रहिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर. शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र.

दाखले ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर स्वतः किंवा सेवा केंद्रातून काढा. प्रत्येक दाखल्याचे अधिकृत शुल्क ठरलेले आहे, आणि दरपत्रक केंद्रात लावलेले असावे लागते. पाचशे-हजार मागितले तर पावती मागा. उत्पन्न आणि रहिवास यांना पंधरा दिवस धरा. जात आणि नॉन-क्रिमिलेयरला दीड महिना हाताशी ठेवा. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरलेली आहे. ती उलटली तर त्याच संकेतस्थळावर अपील करता येते. अपील दाखल झाले की अडकलेली फाइल बहुतेकदा हलते.

सर्वात जास्त पैसे इथे जातात: ‘पाचशेचा बाँड आणा.’ जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमिलेयर अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर स्वयंघोषणा चालते. चार दाखल्यांना चार बाँड घेतले तर दोन हजार रुपये विनाकारण गेले.

जात पडताळणीसाठी अर्ज ऑनलाइन, समिती हिंगोलीला. अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी असते. तुम्ही आंध किंवा दुसऱ्या आदिवासी समाजातले असाल तर कळमनुरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आधी जा, शिष्यवृत्तीची आणि वसतिगृहाची चौकशीही तिथेच होते. पडताळणीला महिनोन्‌महिने लागू शकतात. पदवीच्या शेवटच्या वर्षात अर्ज टाका, प्रवेश लागल्यावर नव्हे.

टिससारख्या ठिकाणी राज्याचा नॉन-क्रिमिलेयर दाखला पुरत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षाचा ओबीसी दाखला लागतो, आणि जात केंद्राच्या यादीतही असावी लागते. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथे नाही. एसईबीसीचा दाखला केंद्राच्या प्रवेशाला चालत नाही; त्याऐवजी ईडब्ल्यूएस मिळतो का, ते तहसीलमध्ये एप्रिलमध्येच विचारा. तोही दरवर्षी नवा काढावा लागतो. चांगले गुण असूनही मुले या एका कागदावर अडकतात.

शिष्यवृत्ती

अनुसूचित जातीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. खुल्या वर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, मर्यादा आठ लाख. इतर मागास, भटके-विमुक्त यांच्या योजना वेगळ्या. राज्याच्या या योजनांचा अर्ज ‘महाडीबीटी’वर, दरवर्षी नव्याने; नूतनीकरण विसरलात तर दुसऱ्या वर्षाची फी अंगावर येते.

राहण्या-जेवण्याच्या खर्चाला याहून मोठा आधार आहे. सरकारी वसतिगृह मिळाले नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासींना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये, लहान शहरांत त्याहून कमी. रक्कम थेट खात्यात येते, पण उशिरा आणि हप्त्यांत. पहिले सहा महिने ती नाहीच असे धरून घरच्यांशी बोला. खाते आधारला जोडलेले नसेल तर पैसे अडतात; बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग’ झाले का, हे शब्द वापरून विचारा.

शिष्यवृत्ती ‘मंजूर करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्याच्या हाती मंजुरी नसते. ओटीपी कोणालाही सांगू नका.

अनुभव आधी इथेच मिळवा

मुंबईला थेट उडी मारण्यापेक्षा घरापासून सुरुवात स्वस्त पडते. कळमनुरी तालुक्यातच उमरा इथे उगम ग्रामीण विकास संस्था आहे; कयाधू नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम तिच्या नावावर आहे. ‘उमेद’ अभियानाचे बचत गटांचे काम गावोगाव चालते. सहा महिने स्वयंसेवक म्हणून काम करा, पण लेखी ठरवून: दिवस कोणते, प्रवासखर्च कोण देणार, शेवटी प्रमाणपत्र मिळणार का. काय केले याची तारीखवार वही ठेवा. किती बैठका, कोणत्या गावात, किती महिला, पुढे काय झाले. मुंबईच्या मुलाखतीत हीच वही उपयोगी पडते, चकचकीत बायोडाटा नाही.

दोन फेलोशिप याच वळणाच्या. मुख्यमंत्री फेलोशिप: वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव, २०२५-२६साठी अर्ज शुल्क ५०० आणि दरमहा विद्यावेतन प्रवासखर्चासह ६१,५०० रुपये. ‘एसबीआय यूथ फॉर इंडिया’: १३ महिने, अर्जाला शुल्क नाही, काम खेड्यात. दोन्हीकडे निवड कठीण, पण अर्ज करण्यात नुकसान नाही.

संस्था खरी की खोटी

ज्यू नाव, डेव्हिडचा तारा, परदेशी फोटो यांवर जाऊ नका. मुंबई-ठाण्यातली संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा, किंवा ती कंपनी कायद्याच्या कलम आठखालची कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाची नोंद पाहा. ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावर नाव आणि विश्वस्त तपासा. परदेशी पैसा घेतो म्हणणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती चालू आहे की रद्द झाली, हे दिसते. हे सगळे फुकट आहे, अर्ध्या तासाचे काम आहे. या कायद्याच्या २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली. त्यामुळे कार्यालयातली पदे कमी झाली आणि बरीच पदे प्रकल्पाला बांधली गेली. प्रकल्प संपला की नोकरी संपते. म्हणून मुलाखतीत न संकोचता विचारा: प्रकल्प कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे?

‘ट्रेनिंग फी’, ‘युनिफॉर्म’, ‘आयकार्ड’, ‘बॅकग्राउंड चेक’ यासाठी पैसे मागणारी संस्था सोडा. मूळ प्रमाणपत्रे जमा करून घेणारीही सोडा. मूळ दाखवायचे, झेरॉक्स द्यायची. मुलांसोबत किंवा वृद्धांसोबत काम असेल तर पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र मागतात. ते योग्य आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करा आणि शुल्क तिथेच भरा.

पगाराचा कागद वाचायचा कसा

जाहिरातीत ‘२०,०००’ असते. तो हातात येणारा आकडा आहे की संस्थेचा एकूण खर्च, ते विचारा. समजा एकूण खर्च आहे आणि मूळ वेतन १५,०००. संस्थेचा पीएफचा वाटा १,८०० त्यातच धरलेला. उरले १८,२००. तुमचा वाटा १,८०० गेला, १६,४०० राहिले. पुरुष असाल तर व्यवसाय कर २००, हातात १६,२००. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. २१ हजारांच्या आतल्या पगाराला ईएसआय लागू असेल तर आणखी थोडे कापले जाते, पण त्यातून दवाखाना मिळतो. ती कपात टाळू नका.

‘मानधन’ किंवा ‘कन्सल्टंट’ असा शब्द असेल तर सावध. पीएफ नाही, रजा नाही, आणि वर्षाची रक्कम ५० हजारांच्या वर गेली की दहा टक्के टीडीएस कापून पैसे येतात. तुमचे उत्पन्न करपात्र नसेल तर हे पैसे विवरणपत्र भरून परत मिळतात. पाचआकडी रक्कम सोडून देऊ नका. विवरणपत्र सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरायला शुल्क नाही.

मुंबईला जाताना

नांदेडहून तपोवन दिवसाची, देवगिरी, नंदिग्राम आणि राज्यराणी रात्रीच्या. स्लीपरचे भाडे चारशेच्या आसपास. वंदे भारत २०२५च्या ऑगस्टपासून नांदेडहून सुटते, पण मुलाखतीसाठी तेवढे पैसे घालण्याची गरज नाही. डोंगरकडा ते नांदेड एसटीला महिलांना निम्मे तिकीट. मुलाखतीची पहिली फेरी ऑनलाइन घ्या, अशी विनंती संस्थेला करा. बहुतेक मान्य करतात. प्रत्यक्ष बोलावले तर प्रवासखर्च मिळेल का, हे मेलमध्ये विचारण्यात काही गैर नाही.

राहण्याची सोय लागेपर्यंत सर्वात जास्त पैसे अडकतात: खोलीची अनामत, दलालाचे एक महिन्याचे भाडे, गादी, भांडी. पीजीमध्ये ‘लॉक-इन’ किती महिन्यांचा, ते आधी वाचा. नोकरी सुटली तरी तेवढे भाडे द्यावे लागते. काम माझगावला असेल तर राहायला ठाणे-कल्याणची बाजू परवडते: लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास ठाण्याहून सव्वादोनशेच्या, कल्याणहून सव्वातीनशेच्या आसपास. पहिला पगार कामाचा महिना संपल्यावर येतो. दोन महिन्यांचा खर्च जवळ असल्याशिवाय निघू नका. नसेल तर रुजू होण्याची तारीख पुढे मागा.

आता वेळेबद्दल. ज्यू संस्थांचा आठवडा शुक्रवारी संध्याकाळी थांबतो आणि शनिवार हा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. शुक्रवारी दुपारनंतर किंवा शनिवारी फोन करू नका. अर्ज सोमवार ते गुरुवार पाठवा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोत हे सण एकापाठोपाठ येतात, मार्च-एप्रिलमध्ये पेसाह. या दिवसांत उत्तर आले नाही म्हणजे नकार नव्हे. मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावरच्या २००८च्या हल्ल्यानंतर या इमारतींची सुरक्षा कडक आहे: वेळ ठरवल्याशिवाय आत सोडत नाहीत, बॅग तपासतात, ओळखपत्र मूळ लागते. आवारात फोटो काढू नका. डबा नेलात तर तो कुठे उघडायचा ते विचारा. कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरात बाहेरचे अन्न नेत नाहीत. या गोष्टी न सांगता पाळणारा उमेदवार लक्षात राहतो.

नोकरी लागल्यावर पुढचे शिक्षण

दोन वर्षांनी पगार वाढतो तो तीन गोष्टींवर: प्रकल्प प्रस्ताव लिहिता येणे, एफसीआरएचे हिशेब समजणे, इंग्रजी अहवाल. तिन्हींसाठी महागडा कोर्स लागत नाही. ‘स्वयम्‌’ आणि ‘एनपीटीईएल’वर शिकणे फुकट, प्रमाणपत्र हवे असेल तर एनपीटीईएलच्या परीक्षेला १,००० रुपये. बी.कॉम. झालेल्यांनी टॅलीसोबत एफसीआरएचे वार्षिक विवरणपत्र भरायला शिकून घ्यावे. हे येणाऱ्या माणसांना संस्था सहसा हातचे जाऊ देत नाहीत.

परदेशी प्रशिक्षणात तुमच्या आवाक्यातले एकच: इस्रायल सरकारच्या ‘माशाव’ या विभागाचे काही आठवड्यांचे अभ्यासक्रम. समुदाय विकास आणि बालशिक्षणाचे हैफाच्या गोल्डा मेयर केंद्रात होतात. हे केंद्र १९६१पासून चालू आहे. शिष्यवृत्तीत शिक्षण, राहणे, जेवण, विमा बसतो. विमानाचे तिकीट सहसा बसत नाही, आणि खरी रक्कम तीच आहे. ते तिकीट संस्था देणार का, हे अर्ज करण्याआधी लेखी घ्या. अर्ज मुंबईतल्या इस्रायली वाणिज्य दूतावासामार्फत, मध्यस्थाशिवाय. पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळ असेल तर आणखी २,०००. घाई नसताना तत्काळ घेऊ नका. निघण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची त्या आठवड्याची प्रवास सूचना वाचा. अमेरिकेतल्या ज्यू सेवासंस्था व्यवस्थापनाच्या पदव्या या मार्गावर लागत नाहीत. त्यासाठी कर्ज काढू नका.

संस्था बदलताना नोटिशीचा महिना पूर्ण करा आणि कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या हातात घेऊनच बाहेर पडा. पीएफ काढू नका, जुन्याच यूएएन क्रमांकावर नव्या संस्थेत वळवा. ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. फक्त आधारवरचे आणि पीएफच्या नोंदीतले नाव अक्षरशः सारखे असावे लागते, मार्कमेमोवरचेही तसेच असलेले बरे. डोंगरकड्याच्या शाळेत वडिलांचे नाव एक आणि आधारवर दुसरे लागले असेल, तर ती दुरुस्ती आजच, घरी असतानाच करून घ्या.